जहाजाचं दावं

मोट ओढायचा नाडा घ्यायला नामाजी औंढ्याच्या बाजाराला गेला आणि हात हलवत परत निघाला. लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. ती नेमकी कुठं चालली आहे हे त्या मुलखात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण तिचा हात बाजारातल्या शेवटच्या पालापर्यंत पोचला होता. रॉकेल मिळेना, खिळे मिळेनात, आणि आता दोरखंडसुद्धा फौजेला जातं म्हणे. त्यात त्या साली अंबाडी उभीच वाळलेली, म्हणजे घरी वळायचीही सोय नाही. नामाजीनं नागनाथाच्या कळसाला लांबूनच हात जोडले, गाडी जुंपली आणि गावाची वाट धरली.

घरचा जुना नाडा जागोजागी गाठी मारून चालला होता. मळ्यात हळद कमरेला लागली होती, पाऊस गेला होता आणि माघापर्यंत पाणी देणं भाग होतं. विहीर मात्र नावाजलेली. अर्ध्या गावाचे हंडे तिच्यावर भरायचे, आणि पाणी असं गोड की पाहुणा तांब्या संपवून पुन्हा पुढं करायचा. बायको गेल्यापासून नामाजीजवळ मिरवायला दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक ही विहीर आणि दुसरा मुंबईला गेलेला एकुलता एक पोरगा, संपत. त्यातल्या पोराबद्दल तो चारचौघांत बोलत नसे. नजर लागते म्हणायचा.

दिवाळी सरली आणि संपतच आला. नामाजी त्याला आणायला गाडी घेऊन हिंगोलीच्या स्टेशनावर गेला, तर पोराच्या खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं. बाजारभर हिंडून जे मिळालं नाही ते पोरगं मुंबईहून न सांगता घेऊन आलं होतं. नामाजीला भरून आलं. मनगटाएवढा जाड दोर, ना अंबाडीचा ना काथ्याचा, कुठल्या झाडाचा कोण जाणे. त्याला डांबराचा वास होता आणि त्याखाली आणखी एक वास होता, खारवलेल्या कातड्याचा असतो तसा. नामाजीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यामुळं तो कशाचा वास आहे हे त्याला कळलं नाही.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओसरीवर कंदील ठेवून संपतनं दोराची हकीकत सांगितली. सून रूपाबाई दाराआड बसून ऐकत होती. इटली लढाईत उतरली त्या दिवशी इटलीवाल्यांचं एक मालाचं जहाज मुंबईच्या बंदरात उभं होतं. पहाटे शिपाई चढले. खलाशांना खाली उतरवलं, आगगाडीत बसवलं आणि कुठल्याशा छावणीत नेऊन कोंडलं. कप्तान पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, तो सगळ्यांत शेवटी उतरला. उतरताना त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जहाज धक्क्याला ज्या दोरानं बांधलं होतं त्या दोरावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. शिपायानं ढकललं तेव्हा कुठं हलला. मग सरकारनं जहाजाचं नाव खरवडलं, करडा रंग मारला, नवं नाव काढलं, निशाण बदललं आणि जहाज चालवायला एका कंपनीच्या हवाली केलं. मालक विलायतेत, कारभारी मुंबईत आणि मूळ धनी तुरुंगात. रंग वाळला की खालचं जुनं नाव पुन्हा वर येतं, संपत म्हणाला. दोनदा रंगवलं तरी येतंच.

कोकणातले बहुतेक जुने खलाशी त्या जहाजावर चढायला तयार होईनात. मग कंपनीनं गोदीतली घाटावरची माणसं धरली. ज्यांनी समुद्रच पाहिला नाही त्यांना कसली भीती? संपत गोदीत कोळसा वाहत होता, तो त्या जहाजावर आगवाला झाला. भट्टीत कोळसा लोटायचा, एवढंच काम. पुढं जुने दोर टाकून तारेचे दोर आले, तेव्हा टाकाऊ ढिगातला हा एक त्यानं मुकादमाकडून मागून घेतला.

नामाजी चिलीम ओढायचा थांबला होता.

त्या मुलखात जनावर विकतात, पण दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. जुनं विकणाऱ्याच्या गोठ्यात खुंटीला राहतं. दावं मागं राहिलं की व्यवहार पुरा झाला. जनावर मग जुन्या घराकडं वळून बघत नाही. आणि खुंटीवरचं दावंही रिकामं राहत नाही, आज ना उद्या त्याला दुसरं जनावर येतंच. दाव्यासकट आणलेलं जनावर धन्याला लाभत नाही. ओढून आणलेलं तर मुळीच नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"त्या म्हाताऱ्याकडं दावं ठिवलं का न्हाई?" नामाजीनं विचारलं.

संपत हसला. "बा, ते जहाज हाय. खोंड न्हाई."

"नुसतं उभं आसलं तर तोंड कुणीकडं करतं?"

संपतचं हसू जरासं उतरलं. खाडीत नांगर टाकला की बाकीची जहाजं वाऱ्यापाण्यासंगं फिरतात, तो म्हणाला. "आमचं तेवढं पच्चिमेला. कवाबी बघा, तोंड पच्चिमेलाच."

नव्या घेतलेल्या बैलाला रात्रभर जुन्या गावाकडं तोंड करून उभं राहिलेलं नामाजीनं कितीदा पाहिलं होतं. दोर परत पाठवावा असं त्याला वाटलं, अगदी जिभेवर आलं होतं. पण मळ्यात हळद तहानलेली होती, आणि पोरानं खांद्यावर वाहून आणलेली वस्तू. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगीच नाही. दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच त्यानं तोच नाडा मोटेला बांधला.

संपत महिनाभर राहिला. निघायच्या दिवशी तो मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात आंघोळीला बसला तेव्हा नामाजीनं त्याच्या कमरेचा काळा करदोडा पाहिला. त्यात आईचं चांदीचं जोडवं ओवलेलं होतं. आई गेली तेव्हा तिच्या पायातलं काढून नामाजीनंच ओवलं होतं. जिवंत माणसाची कंबर रिकामी ठेवत नाहीत. जुना करदोडा सोडायच्या आधी नवा बांधतात. "ह्यो सोडू नको," नामाजी म्हणाला. "न्हाई सोडत," संपत म्हणाला, आणि गेला. रूपाबाईला तेव्हा दिवस राहिले होते, पण ते अजून तिचं तिलाच ठाऊक होतं.

पुढं काय झालं ते एकदम झालं नाही. आधी नाडा ओला राहू लागला. संध्याकाळी चाकावरून काढून वाळत घातला तरी सकाळी पिळून घ्यावा एवढा ओला. मग बैल अडू लागले. धावेच्या उतारावरून मोट ओढत निमूट चालणारे बैल मध्येच थांबायचे आणि मान वळवून मावळतीकडं बघत राहायचे. नामाजीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आसूड उचलला आणि मग रात्री त्यांच्या गळ्यात पडून रडला. पौषात हळदीच्या पानांच्या कडा करपल्या. पाट जिथून वाहायचा तिथं पांढरा थर धरला. रूपाबाईनं एक दिवस भाकरीचं पीठ मळलं आणि मीठ घालायची गरज पडली नाही.

बायकांचे हंडे एकेक करत गावच्या आडावर गेले. नामाजीच्या हातून काही वावगं घडलं असणार, असं गाव म्हणू लागलं. नामाजी ऐकून घ्यायचा. वावगं काय घडलं ते त्याला माहीत होतं. पण दोर सोडावा तर भीती वाटायची, की त्या जहाजाशी आपल्या पोराचा जो काही धागा आहे तो हाच असेल तर?

श्रावणात रूपाबाईला मुलगा झाला. संपतची खबर मात्र फाल्गुनापासून नव्हती.

भादव्यात एक अनोळखी म्हातारा गाव विचारत आला. रत्नागिरीकडचा होता, त्या जहाजावर टिंडेल होता. टिंडेल म्हणजे खलाशांवरचा मुकादम. तापानं फणफणला म्हणून वाटेतल्या एका बंदरात त्याला उतरवलं, म्हणून वाचला. जहाज तिथून फाल्गुनात पश्चिमेला निघालं आणि पोचलं नाही. कुणी बुडताना पाहिलं नाही, एक फळी वाहून आली नाही, एक प्रेत लागलं नाही. टिंडेलनं कंपनीत विचारलं, तर ते सरकारकडं बोट दाखवतात. सरकार म्हणतं जहाज आमचं खरं, पण चालवते कंपनी. बुडालं असं कुणी म्हणत नाही आणि आहे असंही म्हणत नाही. रूपाबाई लेकराला पदराखाली घेऊन भिंतीशी उभी होती. तिच्या कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे जगात कुणाला विचारावं ते त्या घरात कुणाला कळेना.

टिंडेलनं पाणी मागितलं. घरात त्या घडीला विहिरीचंच होतं. पहिला घोट घेतला आणि त्यानं तांब्या खाली ठेवला.

"हे विहिरीचं मचूळ पाणी नाही, बाबा," तो हळूच म्हणाला. "चाळीस वर्षं मी या पाण्यावर काढली."

त्याला विहीर दाखवली. चाकावरचा नाडा पाहताच तो जागीच थांबला, पुढं काही आला नाही. त्या जहाजावर जुन्या कप्तानाच्या रिकाम्या केबिनीत कोणीतरी येरझारा घालायचं, तो म्हणाला. आम्ही वारा म्हणायचो. एकदा वादळात जहाजाचं तोंड पूर्वेला फिरवायला चार माणसं सुकाणूला लटकली, तरी ते तसूभर हललं नाही. "ज्याचं आहे त्याला देऊन टाका... जिथून ओढतंय तिथंच सोडा." एवढं बोलून तो भाकरीलाही न थांबता हिंगोलीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नामाजी एकटाच विहिरीवर गेला. बारावर ऊन आलेलं. त्या वेळेला मळ्यात कुणी थांबत नाही, पाखरूसुद्धा बोलत नाही. मोट त्यानं आदल्या दिवशीच सोडून ठेवली होती, नाड्याचं रिकामं टोक विहिरीत लोंबत होतं. म्हणजे ते सैल असायला हवं होतं. नाडा ताठ होता.

नामाजीनं त्यावर हात ठेवला. नाडा थरथरत होता. खोल कुठंतरी काहीतरी धडधडत होतं, संथ, एका लयीत, आणि ते हाताला लागत होतं. विहिरीतून गरम वाफ आली. तिला कोळशाचा वास होता.

मग नाड्याला दोन हिसके बसले.

उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा तेव्हा लहानपणापासून संपतच खाली उतरायचा. वर घ्यायचं झालं की दोन हिसके द्यायचे, ही बापलेकांची खूण होती. तिसऱ्या माणसाला ती ठाऊक नव्हती.

"संपत..." नामाजी विहिरीत वाकून म्हणाला. "लेकरा... तू हायेस का?"

पुन्हा दोन हिसके.

त्यानं बैल सोडून आणले, नाडा जुवाला बांधला आणि धावेवर हाकले. बैलांनी ओढलं. धाव संपली, तरी टोक आलं नाही. त्यानं नाडा दगडाला अडकवला, बैल मागं घेतले, पुन्हा जुंपले. पुन्हा धाव संपली. नाडा येतच राहिला. विहिरीची खोली त्याला तळहातासारखी माहीत होती, आणि धावेवर पडलेला दोर त्याहून कितीतरी जास्त झाला होता. काळा, थंड, शेवाळलेला. त्यातून गळणारं पाणी पायाच्या भेगांना झोंबत होतं. आणि ओझं तिळभरही कमी होत नव्हतं.

मग ओढ फिरली. बैल मागं सरकू लागले, खुरांनी माती उकरत विहिरीकडं. एक गुडघ्यावर आला. खालून आता माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, पुष्कळ माणसांचं, हलक्या आवाजात, आणि त्यातला एक शब्दही नामाजीला कळत नव्हता. त्यात एक म्हाताऱ्याचा आवाज होता. तो ओरडत नव्हता, रागावलेलाही वाटत नव्हता. बाजारात जनावर ठरवताना शहाणा माणूस बोलतो तसा सावकाश बोलत होता.

नामाजीनं कमरेचा विळा काढला. पोरगं या दोराला धरून असेल तर आपण त्याला आपल्या हातानं सोडतो आहोत, हे त्याला कळत होतं. पण देणं देऊन टाकल्याशिवाय सौदा फिरत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"तुमचं दावं तुमी घ्या," तो म्हणाला. "माझं लेकरू मला द्या..."

त्यानं जुवाजवळ नाडा कापला. धावेवरचा सगळा दोर सरसरत गेला, चाकावरून खाली उतरला आणि शेवटचं टोकही गेलं. पाण्याचा आवाज आला नाही. चाक मात्र बराच वेळ फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी विहीर गोड झाली होती. बायका हंडे घेऊन परत आल्या, गाव म्हणालं नागनाथ पावला. रूपाबाई सकाळपासून लेकराला कडेवर घेऊन वाटेकडं बघत दारात उभी होती. नामाजीनं तिला काही सांगितलं नव्हतं, पण त्याच्या तोंडावरची आशा तिनं वाचली होती. नामाजी बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेला.

खुंटीवर करदोडा होता.

काळा, ओला. गाठ सुटलेली नव्हती, कापलेलीही नव्हती. वेढा जसाच्या तसा होता, जवान माणसाच्या कमरेएवढा. त्यात आईचं जोडवं होतं. आणि तो नेमका त्याच खुंटीवर होता जिच्यावर घरातून विकून गेलेल्या जनावरांची दावी ठेवत.

नामाजी शेणातच खाली बसला. विकणाऱ्याच्या खुंटीला दावं मागं राहतं, आणि दावं मागं राहिलं की व्यवहार पुरा झाला. त्यानं दोर घेतला होता, पोरगं दिलं होतं. काल आपल्या तोंडानं शेवटचं बोलणंही करून आला होता. त्या लोकांनी रीत पाळली होती. त्याच्याहून बराबर पाळली होती.

"मामा, काहून बसलात?" रूपाबाई दारात येऊन म्हणाली, आणि मग तिचं लक्ष खुंटीकडं गेलं. लेकराला तिनं नामाजीच्या मांडीवर दिलं, पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं.

तो करदोडा वाळला नाही. उन्हात टाकला तरी वाळला नाही, चुलीत घातला तर चूल विझली. विहिरीत टाकला, तर सकाळी पुन्हा खुंटीवर. शेवटी नामाजीनं त्याचा नाद सोडला आणि गोठ्याचं दार लावून घ्यायला लागला. नातवाच्या कमरेला करदोडा बांधायचा तर त्यानं साफ नकार दिला. आयाबाया नावं ठेवत, पोरगं नागडं ठेवलंय म्हणत. ठेवू देत, तो म्हणायचा.

लेकरू बसायला लागलं, रांगायला लागलं. गुणी होतं, रडत नसे. रूपाबाई कामाला लागली की त्याला अंगणात घोंगडीवर बसवायची, तोंड आपल्याकडं करून. एका दुपारी नामाजी ओसरीवर आडवा झाला होता. त्यानं पाहिलं, तर लेकरू मावळतीकडं तोंड करून बसलेलं. त्यानं उठून त्याला उचललं, घराकडं तोंड करून बसवलं आणि परत येऊन टेकला. पुन्हा बघतो तर लेकरू मावळतीकडंच बघत होतं, शांतपणे, हात मांडीवर ठेवून.

नामाजी उठला. रूपाबाईला हाक मारायचं त्याच्या मनात आलं, पण त्यानं मारली नाही. तो गोठ्याकडं गेला, कडी काढली आणि खुंटीसमोर उभा राहिला. गाठ तीच होती, सुटलेली नव्हती. जोडवं तेच होतं आणि त्यातून पाणी थेंबाथेंबानं खाली गळत होतं. वेढा मात्र आखडला होता. नामाजीनं त्यात हात घालून पाहिला. आता तो लहान लेकराच्या कमरेएवढा झाला होता.